वर गेलेले हात

खूप वर्षांपूर्वी, धुक्याच्या एका देशात एक जमीनदार राहत होता. गावातली शेतं त्याची, नदीकाठ त्याचा, आणि गावकरी राहत ती घरंही त्याचीच. राजाच्या सभेत गावाच्या वतीने बोलायचा मानही त्याच्याकडेच होता.

त्या मानासाठी दर पाच वर्षांनी चौकात निवड होई. जमीनदार ओट्यावर उभा राहून आपला हात वर करी. तो ज्यांना हवा असेल त्यांनीही हात वर करायचे आणि त्याने खाली घेतल्याशिवाय खाली आणायचे नाहीत, अशी रीत होती.

एका वर्षी सगळे हात वर गेले. फक्त नावाड्याचा गेला नाही.

"काय रे, हात दुखतोय का?" जमीनदाराने हसत विचारलं.

"नाही मालक. गावाचं चराऊ रान तुम्ही कुंपणात घातलंत. आमची मेंढरं उपाशी मेली. तुमच्यासाठी हा हात उठणार नाही."

त्याच संध्याकाळी जमीनदाराच्या माणसांनी नावाड्याच्या घराचं छप्पर उतरवलं. त्याच्या बायकोच्या कडेवर तापाने फणफणलेलं मूल होतं. गावाने दारं लावून घेतली. मूल पुढच्या गावापर्यंत पोहोचलं नाही.

पुढच्या निवडीला हात फार लवकर वर गेले. आयांनी तान्ह्या बाळांचेही हात धरून वर केले. जमीनदार बायकोला म्हणाला, "किती जीव आहे गं लोकांचा माझ्यावर!"

मग त्याने विजयाचा सोहळा ठेवला. नदी अडवून हवेलीसमोर तळं केलं होतं, त्याच्या काठावर सगळं गाव उभं केलं. नाव चालवणारा आता कोणी नव्हता, म्हणून भरजरी कोट घालून तो स्वतःच वल्ही मारत निघाला. तळ्याच्या मध्यावर लोकांना दिसावं म्हणून तो उभा राहिला, आणि नाव कलंडली.

तो ओरडला, पण वारा उलटा होता. काठावरून फक्त त्याचा हात दिसला.

"मालकांनी हात केला! करा वर, करा वर!"

साऱ्या गावाचे हात वर गेले.

"अरे, बुडतायत ते!" एक म्हातारी म्हणाली.

"आणि परीक्षा बघत असले तर?" शेजारचा कुजबुजला. "आजी, नावाड्याचं पोर आठवतंय ना?"

म्हातारीने डोळे मिटले. तिचा हात वरच राहिला.

तळ्यातला हात एकदा हलला, मग दिसेनासा झाला. पाणी शांत झालं. काठावरचे हात मात्र कितीतरी वेळ तसेच होते, कारण ते खाली घ्यायला कोणी सांगितलं नव्हतं.

तात्पर्य : धाकाने वर गेलेला हात हाकेला धावून येत नाही.