नावाडीण युट्टाचा वाटा

फार फार वर्षांमागची, नदीला माणसांचं बोलणं कळायचं तेव्हाची ही गोष्ट. हॉलंडात मास नदीच्या काठी हालेरवार्द नावाचं गाव होतं. गाव कसलं, बशीच म्हणा. नदी वर, घरं खाली आणि मधे मातीचा बांध.

ज्याचं शेत, त्याच्याकडे बांधाचा एक वाटा. तो राखणं झेपेना, तर बांधात फावडं रोवायचं आणि घरदार सोडून चालू लागायचं. ते फावडं जो उपटेल त्याला शेत मिळे, पण बांधही पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच गळ्यात पडे.

युट्टा होती नावाडीण. तिला ना शेत, ना वाटा. लेक पलीकडच्या काठावर दिलेली. रोजची शेवटची खेप झाली की युट्टा तिकडे जाऊन नातवाला मांडीवर घेऊन बसे. म्हणून होडीवर तिचा भारी जीव.

एका हिवाळ्यात नदी फुगली. हेरमान शेतकऱ्याचा वाटा सगळ्यांत कच्चा. थकला होता बिचारा. फावडं रोवून बायकापोरांसह निघून गेला. बांध पाझरू लागला. सारं गाव फावड्याभोवती जमलं, पण हात कोण लावतो? जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत उभा.

"सरा बाजूला," युट्टा म्हणाली.

"अगं, तुझं काय जातंय? तुझी होडी तरंगेल," एकजण म्हणाला.

"माझी होडी तरंगेल रे. तुमच्या चुली तरंगतील का?"

तिनं फावडं उपटलं, तोच बांधाला भगदाड पडलं. युट्टानं होडी त्यात आडवी घातली, चिकणमातीनं भरली आणि बुडवली. पलीकडे लेक उभी होती. तिला बघून युट्टाला रडू कोसळलं. मग ती नदीला म्हणाली, "बाई, जन्मभर तुला विचारून ओलांडलं. आज तू मला विचारल्यावाचून ओलांडू नकोस."

उतू जाणारं दूध फुंकर घालताच बसावं, तसं पाणी बसलं, असं म्हणतात.

गाव वाचलं. पण गावात दुसरी होडी नव्हती. युट्टा बांधावर बसून अंगाई गुणगुणायची, नदी ती अलगद पलीकडे न्यायची आणि नातू झोपी जायचा, असं म्हणतात. पुढे म्हातारपणी एका पहाटे ती धुक्यावरूनच चालत लेकीकडे गेली, असंही म्हणतात.

युट्टामागे बांधाचा तो वाटा साऱ्या गावानं उचलला; त्याला आजही कुणी एक मालक नाही. हिवाळ्याच्या तोंडावर घरटी एक पाटी माती तिथं पडते, शेत असो वा नसो. पण पहिली पाटी होडीतून येते, पलीकडच्या काठावरून, युट्टाच्या लेकीच्या गावची. ती येईपर्यंत सारं गाव बांधावर वाट बघत उभं असतं.