छपरांचा पहारेकरी

त्या नगरीत जमीन रहिवाशांची होती आणि छपरं माकडांच्या टोळ्यांची. शेळ्या दुकानं मांडत, गाढवं ओझी वाहत, बैल पंचायत चालवत. पण ज्या छपराखाली दुकान, त्यावरच्या टोळीला रोज पहिला घास द्यावा लागे. घास चुकला की कौलं खाली येत.

म्हणून पंचायतीने भैरोजी नावाच्या वानराला पहाऱ्यावर नेमलं. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा, तरणाबांड गडी. छपरांवर चढू शकेल असा रहिवाशांच्या बाजूचा तो एकटाच होता.

भैरोजीने आधी कुणाला हात लावला नाही. धुराड्याआड बसून तो नुसता पाहत राही. कुणाच्या हाकेला कोण उठतं, कुणावाचून कुणाचं अडतं. माकडं टोळीत जातात ती पोटापायी, असं खाली सगळे म्हणत. त्याला मात्र दिसे ते वेगळंच. तिथे कुणी आजारी पडलं, तर दुसरं त्याच्या वाटचा घास राखून ठेवी. पहारेकऱ्याची नजर तिथे जरा जास्तच रेंगाळे. मग खाली येऊन तो एकटाच जेवे. शेळ्या त्याला मान देत, पण शेजारी बसत नसत. त्याच्या अंगाला छपरांचा वास येतो, म्हणत.

बाकीच्या टोळ्या त्याने एकेक करून मोडल्या. गुंजा नावाच्या माकडिणीची टोळी तेवढी फुटेना. रावळ्या हा तिचा उजवा हात. भैरोजीने एकदा त्याला धरलं, आणि मारलं नाही. भर बाजारात, सगळ्या टोळीदेखत, त्याच्यापुढे पिकले आंबे ठेवले, पाठ थोपटली आणि सोडून दिलं.

"मी एक अक्षर बोललो नाही," रावळ्या गुंजाला म्हणाला.

"मग आंबे कशाचे?"

टोळीने त्याला उंच छपरावरून खाली लोटून मारलं. तो खरं बोलत होता हे मागाहून कळलं, तेव्हा टोळी आपसांतच भांडून विखुरली. पंचायतीने भैरोजीला हार घातला. त्याने मान खाली घालून तो घेतला.

पुढे तो म्हातारा झाला. त्याच्या जागी दुसरे आले. छपरं आता शांत होती, आणि ती शांतता त्याला सोसेना. एका हिवाळी संध्याकाळी तो वेशीबाहेरच्या चिंचेकडे निघाला. जुन्या टोळीतली उरलीसुरली माकडं तिथे राहत.

गुंजाला आता दिसत नव्हतं. "भैरोजी ना? पाऊल ओळखलं मी. आज कुणाला न्यायला आलात?"

"कुणालाच नाही."

"मग?"

"रावळ्याने मला काहीच सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," गुंजा म्हणाली. "वारा सुटलाय. बसायचं तर बसा."

म्हातारी माकडं थंडीने कडं करून, एकमेकांना बिलगून बसली होती. कड्यात एका अंगाएवढी फट होती. ती कुणी बुजवली नव्हती, आणि वारा नेमका तिथूनच आत येत होता.

भैरोजी त्या फटीत शिरला नाही. तिच्या बाहेर, वाऱ्याकडे तोंड करून, पहाऱ्यावर बसावं तसा बसला. वारा अडला. अंधारू लागलं तेव्हा मागून कुणीतरी त्याच्या पाठीला पाठ टेकवली.