आधी शेंग उघडायची

त्या दिवशी धुकं पडलं होतं. दाट, पांढरं धुकं. बांध दिसेना. झाड दिसेना. तुरीच्या पानांवरून पाणी गळत होतं. टप. टप. थंडी अशी, की नाकाचा शेंडा गारठून जावा.

बांधाखाली एक बीळ होतं. बिळात उंदीरआई होती. तिची पिल्लं चौदा. सगळ्यांत थोरला तिळू. थोरला खरा, पण तोही तिळाएवढाच.

पिल्लांना भूक लागली. आई उठली असती, तर पिल्लं गारठली असती. म्हणून तिने तिळूला बाहेर पाठवलं. म्हणाली, एकेकाला एकेक दाणा पुरे. पण चौदांना चौदा हवेत. नीट मोज.

तिळू निघाला. लुटुलुटु, लुटुलुटु.

तुरीखाली त्याला दोन दाणे सापडले. तीन शेंगा सापडल्या. त्याने शेंग चावली. कट्.

शेंग काही फुटली नाही. तिळूचा दात पडला. पुढचा दात.

तिळूने जीभ लावून बघितलं. तिथे आता भोक होतं.

मग तो मोजायला बसला. दाणे दोन. शेंगा तीन. दोन नि तीन पाच. पाच जण खातील. नऊ जण उपाशी. तिळूच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा शेंग म्हणाली, "अरे, मला दाण्यांत मोजतोस होय? माझ्या पोटात चार दाणे आहेत. आधी मला उघड. मग मोज."

"मग उघड ना, शेंगताई."

"मी भिजलेय. ऊन येईल, तर मी उघडेन."

तिळू निघाला. लुटुलुटु, लुटुलुटु. बांधावर चढला. तोंड वर केलं.

"ऊनदादा, ऊनदादा,
ऊन येईना, शेंग उघडेना.
शेंग उघडेना, दाणा मिळेना.
चौदा पिल्लं वाट बघतात."

ऊन धुक्यामागे होतं. तिथूनच म्हणालं, "धुकं सरेल, तर मी येईन."

तिळू निघाला. लुटुलुटु, लुटुलुटु. धुकं ओढ्यावर पसरलं होतं.

"धुकेमावशी, धुकेमावशी,
धुकं सरेना, ऊन येईना.
ऊन येईना, शेंग उघडेना.
शेंग उघडेना, दाणा मिळेना.
चौदा पिल्लं वाट बघतात."

धुक्याने आळस दिला. म्हणालं, "वारा सुटेल, तर मी सरेन."

तिळू निघाला. लुटुलुटु, लुटुलुटु. वारा होता बांबूच्या बेटात. बेटाभोवती वेल होती. गच्च, गुंताच गुंता. वारा आतच अडकला होता.

"वारेकाका, वारेकाका,
वारा सुटेना, धुकं सरेना.
धुकं सरेना, ऊन येईना.
ऊन येईना, शेंग उघडेना.
शेंग उघडेना, दाणा मिळेना.
चौदा पिल्लं वाट बघतात."

वारा आतून कुजबुजला, "वेल तुटेल, तर मी सुटेन. शेळीला सांग. तिला ही वेल फार आवडते."

तिळू निघाला. लुटुलुटु, लुटुलुटु. एका झोपडीपुढे शेळी बांधलेली होती.

"शेळीबाई, शेळीबाई,
वेल तुटेना, वारा सुटेना.
वारा सुटेना, धुकं सरेना.
धुकं सरेना, ऊन येईना.
ऊन येईना, शेंग उघडेना.
शेंग उघडेना, दाणा मिळेना.
चौदा पिल्लं वाट बघतात."

शेळीने मान हलवली. गळ्यातलं दावं ताणलं. म्हणाली, "दावं सुटेल, तर मी वेल तोडेन."

दावं कोण सोडणार? ठकूआजी. शेळी तिचीच. ती ओट्यावर बसली होती. मांडीवर वाकळ होती, अर्धी शिवलेली.

तिळू भीतभीत पुढे गेला. लुटु. लुटु.

"आला का कुरतड्या," ठकूआजी म्हणाली. "माझी वाकळ खायला आलास?"

तिळूने आ केला. पडलेल्या दाताची जागा दाखवली.

ठकूआजी हसली. तिलाही पुढचे दात नव्हते. "बस मग," ती म्हणाली. "बोल."

"ठकूआजी, ठकूआजी,
दावं सुटेना, वेल तुटेना.
वेल तुटेना, वारा सुटेना.
वारा सुटेना, धुकं सरेना.
धुकं सरेना, ऊन येईना.
ऊन येईना, शेंग उघडेना.
शेंग उघडेना, दाणा मिळेना.
चौदा पिल्लं वाट बघतात."

ठकूआजीने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "माझी सुई ओट्याच्या फटीत पडलीय. माझं बोट आत जात नाही. सुई सापडेल, तर मी दावं सोडेन."

फट बारीक होती. तिळूही बारीक होता. तो आत शिरला. आत अंधार. इकडे माती. तिकडे माती. आणि हे काय चकचकतंय? सुई.

तिळूने सुई बाहेर ओढली. आजीच्या वाकळीवर ठेवली. आनंदाने त्याला काही सुचेना. तो पळाला तो थेट शेंगेकडे.

"शेंगताई, झालं काम. उघड आता."

शेंग म्हणाली, "ऊन कुठाय?"

तो बांधावर पळाला. ऊन म्हणालं, "धुकं कुठे सरलंय?"

तो ओढ्यावर पळाला. धुकं म्हणालं, "वारा कुठे सुटलाय?"

तिळू दमला. पाय दुखले. तो एका दगडावर बसला. आता पळायचं नाही, विचार करायचा.

मी सगळ्यांकडे गेलो होतो. सगळे हो म्हणाले होते. मग कुठे चुकलं?

त्याने आपलं म्हणणं पुन्हा म्हटलं. हळूहळू म्हटलं. पहिल्यापासून म्हटलं.

सुई सापडेना, दावं सुटेना.
दावं सुटेना, वेल तुटेना...

तिळू थांबला. शेंग पहिल्यांदा भेटली होती. पण ती म्हणण्यात शेवटी होती. सुई शेवटी भेटली होती. पण ती म्हणण्यात पहिली होती. सुई तर सापडली. तिच्यापुढे काय? दावं.

तिळू ठकूआजीकडे आला. ती शिवत बसली होती. सुई मिळाली आणि दावं ती विसरूनच गेली होती.

"आजी, आता दावं."

"हो की रे," म्हणत ठकूआजी गुडघ्यावर हात टेकून उठली. तिने दावं सोडलं.

आता तिळूने एकही पाऊल गाळलं नाही. एकामागून एक. आधीचं आधी, नंतरचं नंतर.

सुई सापडली, दावं सुटलं.
दावं सुटलं, वेल तुटली. चरचर, चरचर.
वेल तुटली, वारा सुटला. सूंऽऽ.
वारा सुटला, धुकं सरलं.
धुकं सरलं, ऊन आलं.
ऊन आलं, शेंग उघडली. तडक. तडक. तडक.

तिन्ही शेंगांना चीर पडली. दाणे अजून आतच होते.

तो आवाज ऐकून शेजारच्या बिळातून घूसकाकू आली. ही मोठी, गोल गोल. तिने दोन दाणे बघितले. तीन शेंगा बघितल्या. भराभर मोजलं. दोन नि तीन पाच. शेंगेत दाणे चार. पाच चोक वीस. तुम्ही पिल्लं चौदा, म्हणजे सहा उरतात. ते सहा माझे. असं म्हणून तिने एक शेंग आणि दोन दाणे आपल्याकडे ओढले.

घूसकाकू मोठी होती. तिळू लहान होता. पण सहा दाणे गेले, तर?

"थांबा, काकू," तो म्हणाला. "सुटा दाणा सुटाच असतो. त्याच्या पोटात चार नसतात. आधी शेंगा उघडू. मग मिळवू."

काकू थांबली.

तिळूने पहिली शेंग उघडली. चार. दुसरी उघडली. आठ. तिसरी उघडली. बारा. शेंगा संपल्या. मग त्याने सुटे दाणे जवळ ठेवले. तेरा. चौदा.

काकूने पुन्हा मोजलं. चौदा. उलटं मोजलं. तरी चौदाच.

तिळूने एकेक दाणा बिळात नेला. एक पिल्लू, एक दाणा. एक पिल्लू, एक दाणा. कुटुकुटु, कुटुकुटु. सगळ्यांची पोटं भरली. शेवटचा दाणा तिळूचा. तो उन्हात बसला आणि दुसऱ्या बाजूच्या दाताने हळूहळू खाऊ लागला.

घूसकाकू गेली नव्हती. ती रिकाम्या शेंगा मोजत बसली होती. मग ती तिळूला म्हणाली, "मी घरी असंच मोजत आले रे. मोजायला वीस, खायला चौदा. मी म्हणायचे, सहा उंदरांनीच नेले, आणि तुझ्या आईशी भांडायचे. तुझ्या आईला सांग, काकू उद्या येणार आहे. आणि हेही सांग, भांडायला नाही."