कॉर्नर कुणाचा, हेड कुणाचा

कोल्हापुरातल्या एका तालमीचे अध्यक्ष रणधीरराव. फुटबॉल संघाचा वर्षाचा सगळा पैसा त्यांनी गोव्याच्या एका फॉरवर्डला द्यायचं ठरवलं. पेठेतल्या पोरांना नारळ मिळणार होता.

"ह्यो एकटा दहांना भारी हाय!" मैदानात त्याला पुढं करून अध्यक्ष म्हणाले.

जर्सी धुणाऱ्या गुंडूतात्यांना मोठं नवल वाटलं. त्यांनी बॉल सावकाश मैदानाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. "बाबा, एक कॉर्नर दाखीव की."

फॉरवर्डनं झकास कॉर्नर मारला. बॉल रिकाम्या गोलसमोरून तरंगत पलीकडं बाहेर गेला.

"तात्या, बघितलासा?" अध्यक्ष खूश झाले.

"बघितलं की. पर मारून हेडला, बॉलला डोकं लावाय, ह्यो का पळाला न्हाई? दहांना भारी न्हवं?"

फॉरवर्डच आधी हसला. "साहेब, माझे पैसे थोडे कमी करा," तो म्हणाला, "पण हेडला पोरं ठेवा."