मागे राहिलेली कणसे

एका राज्यात जोंधळा उदंड पिके, आणि राजा धारासेनाला त्यातला दाणाही सुटलेला खपत नसे. कापणीनंतर शेतात उरलेली कणसे गोरगरिबांनी वेचायची, त्याला सरवा म्हणत. शेतकरी तो मुद्दाम मागे ठेवी आणि वळून न पाहता घरी जाई, म्हणजे वेचणाऱ्याला संकोच नको. राजाने फर्मान काढले, "सरवाही कोठारात जमा करा." कोठारे आधीच फुटायला आली होती, पण राजाला सांगणार कोण?

भिवरा नावाची वृद्ध चेटकीण सरव्यावर जगत असे. रिकामी ओटी घेऊन ती दरबारात आली. "राजा, सगळे तुझेच ना? मग एकटाच राहा."

त्या क्षणापासून राजाला माणूस दिसेना, माणसाची चाहूलही लागेना. ताट वाढलेले असे, वाढणारा हात नसे. लाडकी लेक मृगलेखा शेजारी बसते की नाही, हेही कळेना. तिच्या पाटाकडे पाहत तो एकटाच बोले, आणि मग त्याला फार रडू येई.

एके दिवशी खिडकीत चंडोल येऊन बसला व म्हणाला, "एकट्याने पेर. एकट्याने काप. मागे राहील त्याकडे वळून पाहू नकोस. पाहिलेस, तर लेक कायमची गेली."

राजाने मुकुट खुंटीला टांगला. नांगर त्याला दाद देईना, तास वाकडेतिकडे गेले, पण जोंधळा बिचारा उगवला. कापताना राजाने हात सैल सोडला आणि कितीतरी कणसे मागे ठेवून तो बांधाकडे निघाला.

मागे धसकटांत पावले वाजली. मग बांगड्या किणकिणल्या, आणि राजाने त्या ओळखल्या. वळून पाहण्यासाठी त्याचा जीव कासावीस झाला. पण आपण पाहिले तर वेचणारीचा हात आखडेल, हे आता त्याला कळत होते. तो बांधावर पाठमोरा बसून राहिला.

"तात," मागून आवाज आला, "माझी ओटी भरली. उरलेली कणसे तुमच्या उपरण्यात घ्याल?"

राजाने न वळता उपरणे पसरले. मृगलेखा समोर येऊन बसली. इतके दिवस बापाच्या मागोमाग शेतात राहून ती वाळली होती, उन्हाने काळवंडली होती, आणि दिसत होती.

फर्मान त्याच दिवशी रद्द झाले. मागे शेतात भिवरा अजून वाकून वेचते आहे, असे लेकीने सांगितले. तिला संकोच नको म्हणून राजा तिकडे न पाहता लेकीचा हात धरून घरी गेला.