निळाऱ्याचा आठवडा

नदीकाठच्या एका गावात एक निळ्या हातांचा माणूस राहत होता. त्याचं नाव तुळाजी. धंदा निळाऱ्याचा, म्हणजे नीळ घालून कापड रंगवण्याचा. अंगणातल्या रांजणात त्याचे हात दिवसभर बुडालेले असत, त्यामुळे ते कोपरापर्यंत निळे. जेवायला बसला तरी निळे, देवाला जोडले तरी निळे. तो रंग धुऊन निघणारा नव्हता. चार-पाच दिवस रांजणाला हात लावला नाही, तरच तो हळूहळू उतरायचा. आणि इतकी सवड तुळाजीला कोण देणार? निळीचा रांजण तान्ह्या लेकरासारखा असतो. रोज ढवळावा लागतो, रोज त्याला थोडा गूळ-चुना भरवावा लागतो. झाकण बांधून निजवता येतो, पण आठवडाभरच. त्यापुढे तो मरतो.

तुळाजीच्या घरात बायको गजरा आणि एकुलती एक मुलगी मंजुळा. मंजुळा लहान होती तेव्हा एका पौषात ही तिघं बैलगाडी जोडून आनंदबाग बघायला गेली. डोंगराच्या पायथ्याशी एका हौशी सावकाराने ही बाग उभी केली होती. तिथं कारंजी होती, कळसूत्री बाहुल्या होत्या, आणि सगळ्यांच्या वर डोकावणारा आकाशपाळणा होता. दारात थोडेसे पैसे टाकले की दिवसभर आत कुठंही फिरावं.

तिघं पाळण्यात बसली. पाळणा वर चढू लागला तसे तुळाजीने मंजुळेचे डोळे आपल्या तळव्यांनी झाकले. अगदी माथ्यावर पोचल्यावर त्याने हात काढले आणि म्हणाला, "बघ, ते आपलं गाव."

खरं तर तिथून धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं.

"दिसलं, आबा! आपला रांजण पण दिसला!" मंजुळा ओरडली. गजरा इतकी हसली की तिचा पदर वाऱ्यावर उडाला आणि तो सावरायचंही तिला सुचलं नाही. तुळाजी बघतच राहिला. लग्न झाल्यापासून त्याने बायकोला असं हसताना पाहिलं नव्हतं, किंवा पाहायला त्याला फुरसत झाली नव्हती.

तिघं आठवडाभर तिथंच राहिली. कारंज्याच्या पाण्यात खेळता खेळता तुळाजीच्या हातांची नीळ फिकी होत गेली, आणि एका सकाळी हात चक्क माणसाच्या रंगाचे झाले. गजराने डोळे मोठे केले. "अगं बाई, हा कोण परका माणूस माझ्या शेजारी बसलाय?"

मंजुळेने तो हात उचलून आपल्या गालाला लावला. "आबा, हे हात घरी पण आणायचे हं."

घरी हे हात कसे आणणार, हे तुळाजीला ठाऊक नव्हतं. पण दर वर्षी इथं यायचं, हे त्याने त्याच क्षणी ठरवलं.

आता अशा हरखून गेलेल्या माणसाची वाट बघणारा कुणी ना कुणी दाराशी बसलेलाच असतो. बागेला लागून एका व्यापाऱ्याने चिरेबंदी माड्या बांधल्या होत्या. तो खोल्या विकायचा, पण वर्षभरासाठी नाही. वर्षातला एकच आठवडा तुमचा, मात्र जन्मभर तुमचा. बाकीचे आठवडे दुसऱ्यांचे.

"निळारीबुवा, मुक्कामाचं भाडं वर्षागणिक वाढत जाणार," व्यापारी म्हणाला. "तुम्ही एकदाच द्या आणि निश्चिंत व्हा. मालकाला कसलं आलंय भाडं?"

हिशेब तुळाजीला पटला. गजराने हातातल्या पाटल्या उतरवून दिल्या, कारण पाळणा तिलाही हवा होता. व्यापाऱ्याने तांब्याचा एक बिल्ला दिला. त्यावर खोलीची खूण होती आणि पौषातला आठवडा कोरलेला होता. तुळाजीने तो घरी देवाजवळ ठेवला.

मुक्कामाचा दर त्याने असा जन्माचा बांधून घेतला. बागेच्या दाराचा दर मात्र त्याला कुणी बांधून दिला नव्हता. त्याने विचारलाही नव्हता.

पहिली काही वर्षं फार सुखाची गेली. निघायच्या दिवशी मंजुळा रांजणाच्या झाकणावर जुनं धोतर बांधायची, त्याला हळदकुंकू लावायची आणि दटावून सांगायची, "नीज आता. आम्ही येईपर्यंत उठायचं नाही." मग गाडी निघायची. वर्षभर त्या घरात जे काही बोलणं व्हायचं, ते फिरून फिरून त्या आठवड्यावर यायचं. पावसाळ्यात कपडे वाळेनासे झाले की गजरा म्हणायची, "पौष येऊ दे." तुळाजीची कंबर धरली की तोही म्हणायचा, "पौष येऊ दे."

पौष येत होता, पण त्याच्याबरोबर दाराचा दरही वाढत होता. सावकाराने नवी कारंजी केली, दर वाढला. बाहुल्यांना जरीचे कपडे शिवले, दर वाढला. पुढे पुढे काहीच नवं केलं नाही, तरीही वाढला. पूर्वी तिघं रोज बागेत जायची, ती आता दिवसाआड जाऊ लागली. मग आठवड्यातून एकदाच. एका वर्षी गजरा दाराशीच थांबली. "तुम्ही जा दोघं. मला मेलीला त्या पाळण्यात गरगरतं." तुळाजीला ते खोटं आहे हे कळलं, कारण पाळणा सगळ्यांत जास्त तिलाच आवडायचा. पण त्याने कमरेची पैशांची चंची चाचपली आणि मंजुळेला घेऊन तो आत गेला. त्याच्या पुढच्या वर्षी तोही बाहेर थांबला आणि मंजुळा एकटी आत गेली. ती तासाभरात परत आली.

"एवढ्यात आलीस?"

"पाळण्यात शेजारी कुणीतरी अनोळखी बाई होती, आबा," ती म्हणाली आणि खोलीच्या खिडकीत जाऊन बसली. खिडकीतून पाळण्याचा वरचा अर्धाच भाग दिसायचा.

तुळाजीचं डोकं फिरलं. त्याने जाऊन दारावरच्या पहारेकऱ्याला धरलं. "अहो, दर वर्षी दर वाढवता. माणसं यायची बंद होतील ना!"

पहारेकरी म्हातारा होता आणि मनाने वाईट नव्हता. तो म्हणाला, "बाहेरचा माणूस दर ऐकून परत जातो, बाबा. बिल्लेवाला परत जात नाही. त्याने आधीच पैसे गुंतवलेत, तो जाणार कुठं? सावकाराला हे पक्कं माहीत आहे."

तुळाजी खोलीवर आला. सुज्ञ माणसाने त्याच दिवशी बिल्ला परत केला असता. पण तुळाजीला गजराच्या मोकळ्या मनगटांची आठवण झाली. इतकं देऊन घेतलेला आठवडा सोडायचा? त्याऐवजी त्याने दुसराच विचार केला, आणि तो विचार फक्त एखाद्या निळाऱ्यालाच सुचू शकतो. बागेच्या दारात शेकडो माणसं येतात. त्यांचे फेटे असतात, उपरणी असतात. इथंच रंगवून दिली तर? येणाऱ्यांना हौस असते आणि हातात पैसाही मोकळा असतो.

त्या वर्षी मंजुळेचं लग्न ठरलं. फाल्गुनातला मुहूर्त निघाला. सासर लांबचं, नदीपल्याडच्या मुलखातलं. म्हणजे येणारा पौष हा तिघांचा शेवटचा पौष होता. तुळाजीने मनाशी गाठ मारली. काहीही होवो, या वेळी तिघांनी मिळून पाळण्यात बसायचंच. पूर्वीसारखं. माथ्यावर पोचलं की लेकीचे डोळे झाकायचे आणि तिला गाव दाखवायचं. त्याला एवढंच हवं होतं.

निघायच्या दिवशी मंजुळा धोतर आणि हळदकुंकू घेऊन अंगणात आली, तर रांजण अर्धा रिकामा. निम्मी नीळ एका लहान रांजणात काढून तुळाजीने तो गाडीत चढवला होता. भोवती पेंढा नीट लावला होता.

"हा पण येणार?" मंजुळेने विचारलं.

"येऊ दे की. त्यालाही बाग दिसेल," तुळाजी हसत म्हणाला. मंजुळा हसली नाही. तिने धोतराची घडी केली आणि गाडीत ठेवून दिली.

आणि धंदा चालला, हे कबूल केलं पाहिजे. माडीच्या पायऱ्यांजवळ रांजण मांडला मात्र, गिऱ्हाइकांची रीघ लागली. तुळाजी बुडवत होता, गजरा पिळत होती, मंजुळा दोरीवर वाळत घालत होती. मागे बागेतली सनई वाजायची आणि पाळणा करकरत वर जायचा. मंजुळा अधूनमधून मान वर करून बघायची. एकदा ती म्हणाली, "आबा, आज नुसतं इथल्या नदीवर जाऊन बसू या का? दर नाही, दार नाही."

"आज नको गं. शेवटच्या दिवशी थेट पाळणा," तुळाजी मान खाली घालूनच म्हणाला. त्याला वाटलं, पोर बापाचे पैसे वाचवायला बघतेय.

शेवटच्या दिवशी उन्हं कलता कलता तिघांच्या प्रवेशापुरती कमाई झाली. तुळाजी धावत दाराशी गेला आणि तिघांचे पास घेऊन आला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. खोलीत मंजुळा गाठोडं बांधत होती.

"ऊठ, मंजू! चल, आई कुठाय? तिघांनी बसायचंय!" त्याने पास पुढे धरले.

मंजुळेने पासांकडे पाहिलं नाही. तिची नजर ते धरणाऱ्या हातांवर होती. कोपरापर्यंत गडद निळे. घरी असायचे त्याहूनही गडद.

"येते, आबा," ती म्हणाली. "तेवढे हात धुऊन या."

तुळाजी विहिरीवर गेला. त्याने हात घासले. मातीने घासले, राखेने घासले, दगडाने घासले. कातडं लाल झालं, पण त्यावरची निळाई हलली नाही. ती कशी उतरते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिला नुसते मोकळे दिवस लागतात. आणि त्याच्याजवळ होते तेवढे दिवस तो पायऱ्यांपाशी रांजणात बुडवून बसला होता. तो विहिरीच्या कठड्यावर टेकला आणि लहान मुलासारखा रडला. लेक वर्षभर कशाची वाट बघायची हे त्याला आत्ता कळलं. ती पाळण्याची वाट बघत नव्हती.

मंजुळा त्याला शोधत आली. तिने ते ओले निळे हात आपल्या ओंजळीत घेतले आणि म्हणाली, "चला, नाहीतर पाळणा बंद होईल." तिघं पाळण्यात बसली. माथ्यावर पोचल्यावर तुळाजीने तिचे डोळे झाकले. हात काढले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे तिला गाव दिसलं की नाही हे त्याने विचारलं नाही.

फाल्गुनात मंजुळा सासरी गेली.

पुढचा पौष जवळ आला तसा तुळाजी बिल्ला घेऊन व्यापाऱ्याकडे गेला. "हा परत घ्या."

"परत? आणि विकत घेतो कोण? दाराचा दर ऐकलात ना यंदाचा?" व्यापारी म्हणाला. "फुकट टाकायचा असेल तर टाका. पण निळारीबुवा, इतकी वर्षं इतकं ओतलंत, आणि आता सोडता?"

"ओतलं होतं म्हणूनच इतकी वर्षं सोडवलं नाही," तुळाजी म्हणाला. बिल्ला पाटावर ठेवून तो निघाला.

घरी येऊन त्याने रांजण निजवला. गजराने मंजुळेच्या हातची घडी मोडून धोतर बांधलं, हळदकुंकू लावलं. मंजुळा रांजणाला काय दटावायची ते तिला आठवत होतं, पण तिच्याच्याने बोलवलं नाही. आठवडाभर दोघं नदीवर जाऊन बसत होती. भाकरी तिथंच सोडायची, पाण्यात पाय टाकायचे. त्याला एक पैसा पडला नाही. बागेचं दार तिथं नव्हतं. नदी तर जन्मभर घरापासून हाकेवर वाहत होती.

एका सकाळी गजराने त्याचा हात आपल्या हातात घेतला. नीळ पुरती उतरली होती.

"आला की हो तो परका माणूस," ती हलकेच म्हणाली.

तुळाजीने आपले तळवे डोळ्यांसमोर धरले. लेकीने मागितलेले हात अखेर घरी आले होते. त्याने नदीपल्याड पाहिलं. पल्याड दूरवर धुकं होतं, आणि धुक्यात कुठंतरी तिचं गाव होतं. ते हात आता कुणाचे डोळे झाकणार, हे काही त्याला कळेना. मग तो उठला आणि गजराला म्हणाला, "मंजू माहेरपणाला येईल तेव्हा रांजण आधीच निजवू. ती दारात येईल, त्याच्या चार दिवस आधी."

गजराने मान डोलावली. दोघंही कितीतरी वेळ पल्याडच्या वाटेकडे बघत राहिली.

तात्पर्य: मुक्कामाचा हक्क विकत घेता येतो, पण ज्या सुखासाठी मुक्काम करायचा त्याच्या दाराची किल्ली दुसऱ्याच्या हाती असेल, तर तो हक्क दर वर्षी थोडा थोडा निकामी होत जातो. आधी ओतलं म्हणून पुढे ओतत राहू नये. आपल्या माणसांना आपला मोकळा वेळ हवा असतो, आणि तो वेळ गेल्यावर कितीही धुतलं तरी हात मोकळे होत नाहीत.