आत या, जेवून जा

"सारा घाट वाखाणतोय आणि तुम्ही एकटे कच्चं म्हणता! मग पक्कं अक्षर असतं तरी कसं, बुवा?"

हेरंबचा आवाज चढला होता. मठाच्या छापखान्यात विश्वंभरबुवा रुळावरची शाई पुसत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

घाटमाथ्यावरचा हा मठ आल्यागेल्याला जेवू घाली. फाटकावरच्या पाटीसाठी हेरंबने सागवानी ठसे कोरले होते. अक्षर जुन्या बोरूच्या वळणाचं, जाड, काळंभोर. शिवाय प्रत्येक कान्याच्या पायाशी एक कमळाची कळी. ती कळी म्हणजे हेरंबची सही. बुवांनी हे ठसे मठात ठेवून घेतले, तरच ते त्याला शिष्य म्हणणार होते.

"पाटी लावलीस?" बुवांनी विचारलं.

"सकाळीच. लोक थांबून थांबून बघतात. एका गृहस्थांनी तर चष्मा पुसून पुन्हा लावला. काय अक्षर आहे म्हणाले!"

"तिच्यावर लिहिलंय काय?"

"'आत या. जेवून जा.' तुम्हीच तर सांगितलंत."

"मग आत कोण आलं?"

हेरंबने फाटकाकडे पाहिलं.

"कुणी नाही. सगळे अक्षर बघून पुढे गेले."

बुवांनी पटाशी त्याच्यापुढे सरकवली आणि पुन्हा रूळ पुसायला घेतला.

हेरंबला असा राग आला, की पटाशी भिरकावून तडक घाट उतरावा. पण मघाचं ते 'कुणी नाही' त्याच्याच तोंडून निघालं होतं. तो बसला. कळ्या तासू लागला. पहिली उडाली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या उडाल्या तेव्हा हात सैल झाला.

मग त्याने ठशांवर शाई फिरवली, कागद दाबला, उचलला.

त्याने तो उजेडात धरला. अक्षर दोन्ही पाय रोवून उभं होतं. काने पायाशी बोरूच्या तिरक्या कापासारखे स्वच्छ संपत होते. हे आपण केलं, असं म्हणायची त्याला छाती होईना. ते लाकडात आधीपासूनच होतं, आपण नुसते त्याच्या वाटेत उभे होतो, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तासलेल्या ठशांनी छापलेली नवी पाटी फाटकावर लागली. दुपारी खालच्या वळणावर एक धारवाला दिसला, खांद्यावर धारेचं चाक घेतलेला. त्याने वळणावरूनच मान वर करून पाटी वाचली. पाटीपाशी तो क्षणभरही रेंगाळला नाही. थेट आत आला, चाक भिंतीला टेकवलं, हातपाय धुतले आणि पंगतीला बसला.

हेरंब धावतच त्याच्यापाशी गेला.

"बाबा, पाटीवरचं अक्षर... कसं वाटलं?"

धारवाल्याने तोंडातला घास गिळला. "कसलं अक्षर? जेवून जा म्हनलंय न्हवं? आलो."

हेरंब जागच्या जागी उभा राहिला. त्याचे हात आपोआप जोडले गेले. कुणाला, ते त्यालाही कळलं नाही.

मागून बुवा आले. भाकरीची टोपली त्यांनी त्या जोडलेल्या हातांत दिली.

"तूच बोलावलंस ना त्यांना? मग वाढ."